आपल्यात उपजत काय आहे, हे २९व्या वर्षी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की वय २९, बँकेत नोकरी, पगार वेळेवर, तरी रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो. बोटांचे ठसे घेऊन कल सांगणाऱ्या एका ठिकाणी साडेपाच हजार घातलेत आणि हाती आलं काय, तर 'तुम्ही सर्जनशील आहात'. नोकरी सोडू का, असंही विचारलंय.

आधी त्या साडेपाच हजारांचं. ते गेले म्हणून सोडून द्या. ठशांवरून बुद्धी नाहीतर आवड कळते याला शास्त्रीय आधार नाही. 'सर्जनशील आहात' हे तर वडापच्या जीपमधे शेजारी बसलेल्या कुणालाही सांगा, त्याला पटणारच.

मी कोल्हापूरचा, वय ४८. बी.कॉम. करून शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतून कास्टिंग (यंत्रांचे ओतीव भाग) करायच्या कारखान्यात, अकौंट्सला चिकटलो. महिनाअखेरीला रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचा हिशोब घ्यायला शेडमधे जावं लागायचं. किती नग, किती किलो, एवढंच माझं काम. एकदा ढिगातली पंपाची बॉडी सहज हातात घेतली आणि बोलून गेलो, "ह्याची एक बाजू जाड दिसतीया." पॅटर्न म्हणजे वाळूत साचा उठवायचा लाकडी नमुना; ते करायच्या पॅटर्न शॉपचे मिस्त्री तिथंच उभे होते. त्यांनी कॅलिपर लावला. एका बाजूची भिंत आठ मिलीमीटर, दुसरीकडची सहा. आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, सरकला होता. मिस्त्री माझ्याकडं बघत म्हणाले, "अकौंटवाला असून नुसत्या डोळ्यानं दिसतंय व्हय रं तुला?"

मला त्यात काहीच विशेष वाटलं नव्हतं. सगळ्यांनाच दिसत असणार, असा माझा समज. भिंतीवरचा फोटो पाव इंच तिरका असला तरी मला जेवण गोड लागत नाही, आणि त्यावरून घरची मंडळी माझी टर उडवतात. ही खोड आहे असंच मी समजत होतो. तिचा कुठं उपयोग असेल हे तेविसाव्या वर्षापर्यंत डोक्यातही आलं नव्हतं.

म्हणून 'मला काय आवडतं' असं डोळे मिटून स्वतःला विचारत बसू नका. तिथून बहुतेक वेळा प्रवास, संगीत आणि कॉफी एवढंच बाहेर येतं. त्यापेक्षा बँकेत महिनाभर बघा, लोक स्वतःचं टेबल सोडून तुमच्याकडं नेमके कशासाठी येतात. भडकलेल्या गिऱ्हाइकाला शांत करायला? न जुळणारी बेरीज शोधायला? अर्ज लिहून घ्यायला? आणि दुसऱ्याच्या कामातली कुठली चूक बघून तुमचा जीव खालीवर होतो, तेही टिपून ठेवा. मिस्त्री बोलले नसते तर मला अजून कळलं नसतं, तेव्हा दोन-तीन जवळच्या माणसांनाही विचारा.

पण हे कळलं म्हणजे सगळं झालं, असं नाही. ड्युटी संपल्यावर मी पॅटर्न शॉपला जायला लागलो. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना आकसतं, मीटरला साधारण दहा मिलीमीटर, म्हणून लाकडाचा पॅटर्न तेवढा मोठा करायचा. वाळूतून उचलताना साच्याची कड मोडू नये म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. मी पहिल्याच पॅटर्नला उतार उलटा दिला. साचा करणाऱ्या मोल्डरनं तो उचलला आणि निम्मी वाळू त्याच्याबरोबर वर आली. सगळी शेड हसली. 'ही आपली लाईन न्हवं' म्हणून मी तीन आठवडे तिकडं फिरकलो नाही.

मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१८चा एक अभ्यास पुढं कधीतरी वाचनात आला तेव्हा हे तीन आठवडेच आठवले. त्यांनी लोकांना कृष्णविवरांवरचा एक मजेदार व्हिडिओ दाखवला, लोक खूश झाले. मग त्याच विषयावरचा एक अवघड लेख वाचायला दिला. आवड ही आपल्यात आधीच ठरलेली असते, ती फक्त सापडायची असते, असं मानणाऱ्यांचा उत्साह जास्त घसरला. आवड घडवता येते असं मानणारे त्यामानानं टिकून राहिले.

मी काही असं मानून परत गेलो नव्हतो. मिस्त्रींनी निरोप धाडला, "तुझा रंधा हितंच पडलाय, गंज धरंल." म्हणून गेलो.

'कामात वेळ कसा गेला कळतच नाही' वगैरे तुम्ही ऐकलं असेल. मला ते क्वचितच अनुभवाला आलं. पॅटर्नचं निम्मं काम म्हणजे लांबी (पुट्टी) भरा, सुकू द्या, पॉलिश पेपर मारा, परत लांबी भरा. नाकातोंडात धुरळा. तरी हा कंटाळा मला चालतो, आणि व्हाउचर लावायचा चालत नाही. कुठल्या कामातला कंटाळा तुम्हाला सोसवतो, हे बघा. स्टेजवर गायला सगळ्यांनाच आवडतं हो.

इथं कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, कधी आलात तर बघा. बाबूराव पेंटर मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर सिनेमाच्या यंत्रांच्या नादी लागले. १९१६ला आनंदराव वारले, तरी बाबूरावांनी १९१८ला स्वतःचा कॅमेरा पुरा केला आणि १९२०ला 'सैरंध्री' पडद्यावर आणला. सिनेमा हीच आपली आवड असं त्यांना आधीपासून ठाऊक असणार कसं? इथं तेव्हा सिनेमा होता कुठं! हातातल्या कामाचा धागा धरून ते तिथवर गेले.

नोकरी सोडू नका. राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे रेल्वेत नोकरीला असतानाच पॅरिस ऑलिंपिकमधे नेमबाजीचं ब्राँझ जिंकला, १ ऑगस्ट २०२४ला, २९वा वाढदिवस पाच दिवसांवर असताना. तो फार मोठा माणूस, त्याच्याशी आपली बरोबरी नाही. पण महिन्याच्या हप्त्याचं ओझं नवख्या छंदावर टाकलं की छंदाचा घास होतो, हे मी दोन मित्रांच्या बाबतीत बघितलंय.

मीही अजून अकौंट्सलाच आहे. आता पॅटर्न सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, निघतात, कंपनीला माझ्या हातकामाची गरज नाही. मिस्त्रीही राहिले नाहीत. पण जुन्या गुऱ्हाळांच्या चरकाचे भाग बाजारात मिळत नाहीत, मग लोक मोडका तुकडा पोत्यात घालून माझ्या परड्यातल्या शेडला येतात. आत्ता बाकावर एक दातेरी चाक पडलंय, तेरापैकी दोन दात गेलेले. उरलेल्या अकरांवरून माप काढायचंय आणि गुऱ्हाळं सुरू व्हायच्या आत द्यायचंय, तेव्हा आता उठतो.