साखरेच्या वाटेनं निघालेल्या मुलीला

सोलापूर विद्यापीठातून एम.एस्सी. झाल्यावर ग्लायकोसिलेशनवरच, म्हणजे प्रथिनांवर साखर चढण्याच्या क्रियेवरच, पीएच.डी. करायची म्हणतेस, फार आनंद झाला बघ. विषय चिवट आहे. प्रथिनाला डीएनएचा साचा असतो, त्यावर चढणाऱ्या साखरेला नसतो. म्हणून एकाच प्रथिनाची कितीतरी रूपं तयार होतात. त्यामुळं प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पट्टी पसरट दिसली की प्रयोग फसला असं समजून नमुना टाकू नकोस. मी टाकले, सहा महिने गेले. थोड्या नमुन्याला पीएनजीएज-एफ हे साखर कापणारं एन्झाइम लावून मूळ नमुन्याच्या शेजारीच जेलवर चालव. पट्टी खाली उतरली तर एन-जोडणीची (प्रथिनातल्या नायट्रोजनला जोडलेली) साखर होती. नाही उतरली तरी ‘साखर नाही’ असं वहीत लिहू नकोस, ओ-जोडणीची (ऑक्सिजनला जोडलेली) साखर या एन्झाइमनं निघत नाही.

नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती आधी मिळव, मग पुण्यात आयसर ही विज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहेच. मार्गदर्शक ठरवण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी निवांत बोल. हे मात्र चुकवू नकोस.

घरचे विचारतील, साखरेचं काय एवढं? त्यांना बॉम्बे रक्तगट सांग. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतून तो जगापुढं मांडला. तांबड्या पेशीवर फ्युकोज ही एक साखर बसत नाही, एवढ्यानं त्या माणसाला ‘ओ’ गटाचंही रक्त चालत नाही.