तंट्याचं कलम आधी लिही

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

ख्रिस्ती राष्ट्रांच्या शांतता-संघाचा तुझा मसुदा वाचला. तुम्ही मित्रमंडळींनी मिळून एक अख्खं जग रचलंय, प्रत्येकाने एकेक देश चालवायला घेतलाय, आणि बाकीच्यांना लढायांची चटक लागलेली असताना तुला शांततेचा संघ काढावासा वाटला, याचा मला मनापासून आनंद झाला. जग कल्पित असलं तरी देश चालवणारी मुलं खरी आहेत. त्यांचे रुसवेफुगवे खरे असणार, आणि कुणी दिलेला शब्द मोडला तर लागायचं तेवढं लागणारच. म्हणून खरीखुरी सनद पुढे आल्यासारखंच मी हे लिहितोय.

मसुद्यात झेंड्याला पान आहे, प्रस्तावना ऐसपैस आहे, सामाईक सैन्याची रचना तर पलटणींपर्यंत उतरली आहे. आणि सभासद देशांतच भांडण झालं तर काय, याला एक ओळ: ‘ख्रिस्ताच्या प्रीतीने मिटवावे.’ ती ओळ काढ. प्रीतीवर माझी श्रद्धा आहे. पण भांडण पेटतं तेव्हा दोन्ही पक्षांची खात्री असते की प्रीतीने आपणच वागतोय, कसूर समोरच्याची आहे. त्या घडीला धरायला काहीतरी ठरलेलं, लिहिलेलं हाताशी लागतं.

आपल्याच किनाऱ्याकडे बघ. डोल जाळी (समुद्रात एका जागी बांधून ठेवायची पिशवीसारखी जाळी) लावण्यासाठी कवी, म्हणजे ती जाळी बांधायचे खुंट, समुद्रात कुणी कुठवर मारायच्या, यावरून वसई-उत्तनकडचे आणि सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार वर्षानुवर्षं भांडत आलेत. उद्या दोन्हीकडचे सगळे एकाच चर्चमध्ये मिस्सेला बसले, तरी कव कुठे मारायची हा प्रश्न जागच्या जागी राहील. तुझ्या नकाशावर मधोमध ती अरुंद सामुद्रधुनी आहे आणि तिच्या दोन्ही काठांना तुझेच दोन सभासद आहेत. पहिला तंटा तिथेच होणार, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

चिली आणि अर्जेंटिनाची हकिकत या कामात तुला फार उपयोगी पडेल. दोन्ही देश कॅथलिक, दोघांची भाषा एक. सरहद्दीवरून युद्धाच्या तोंडाशी गेलेले हे शेजारी १९०२ मध्ये करार करून थांबले आणि १९०४ मध्ये अँडीजमधल्या सीमेवर, सुमारे ३,८०० मीटर उंचीच्या खिंडीत, त्यांनी ख्रिस्ताचा मोठा पुतळा उभारला. तुझ्या प्रस्तावनेत जी भावना आहे तीच त्यामागे होती, आणि ती खोटी नव्हती. तरीही डिसेंबर १९७८ मध्ये दक्षिण टोकाला, बीगल सामुद्रधुनीजवळच्या पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा या तीन बेटांवरून दोघे युद्धाच्या उंबरठ्यावर आले. अर्जेंटिनाचं आरमार निघालंही होतं.

लवाद नव्हता म्हणून असं झालं का? लवाद होता. १९७१ मध्ये दोघांनी मिळून ब्रिटिश राजसत्तेला लवाद मानलं, आंतरराष्ट्रीय न्यायालयातले पाच न्यायाधीश बसले, १९७७ मध्ये निकाल लागला की बेटं चिलीची. जानेवारी १९७८ मध्ये अर्जेंटिनाने तो निकाल रद्दबातल ठरवला, आणि हरलेल्याने निकाल मानला नाही तर पुढे काय, याची तजवीज कुणाकडेच नव्हती. शेवटी पोप जॉन पॉल दुसरे मधे पडले आणि त्यांनी कार्डिनल आंतोनियो सामोरे यांना पाठवलं. सामोरे बेटांचा निवाडा करायला बसले नाहीत. जानेवारी १९७९ मध्ये मॉन्टेव्हिडिओला त्यांनी दोघांकडून आधी एवढंच लिहून घेतलं की बळ वापरणार नाही आणि फौजा १९७७ च्या सुरुवातीला होत्या त्या स्थितीला नेऊ. मूळ प्रश्नाला त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं लागली. सामोरे १९८३ मध्ये वारले, करार नोव्हेंबर १९८४ मध्ये झाला. बेटं चिलीकडेच गेली, पण सागरी हद्द अशी आखली की अटलांटिककडचा अर्जेंटिनाचा हक्क शाबूत राहिला. त्याआधी अर्जेंटिनाने लोकांचा कौल घेतला होता, आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला होता. हरलेल्याला घरी जाऊन दाखवण्यासारखं काहीतरी मिळालं, म्हणून तो करार टिकला असं मी समजतो.

तेव्हा तुझ्या कलमात हा क्रम यायला हवा. तंटा नोंदवला गेला की त्या दिवसापासून दोन्ही देशांची जहाजं आणि पलटणी जिथल्या तिथे. ठराविक मुदत घाल, पंधरा दिवस, महिना, तुमच्या खेळाच्या गतीप्रमाणे. मध्यस्थाचं नाव तंटा उभा राहिल्यावर शोधायचं नाही, सनदेवर सही करतानाच प्रत्येक देशाने दोन नावं देऊन ठेवायची. निकाल एखाद्याला मान्य नसेल तर त्याने कुठे दाद मागायची आणि तोवर काय करायचं नाही, हेही लिही. मध्ययुगातल्या चर्चनेही लढाईला असाच पायरीपायरीने आळा घातला होता. ९८९ मध्ये फ्रान्समधल्या शारू इथल्या धर्मसभेने शेतकऱ्यांची गुरं लुटणाऱ्याला आणि नि:शस्त्र पाद्र्यावर हात टाकणाऱ्याला बहिष्कृत करायचं ठरवलं. १०२७ मध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या तुलूझ (Toulouges) या छोट्या गावी ठरलं की शनिवारपासून सोमवार सकाळपर्यंत शस्त्र उचलायचं नाही. पुढे ही बंदी बुधवार संध्याकाळपासूनच लागू होऊ लागली, नाताळाआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा उपवासकाळही त्यात आले. युद्ध संपलं नाही, पण लढण्याचे दिवस कमी झाले. तुमच्या जगात चर्चचं पंचांग असेलच, ते असं कामाला लाव.

मध्यस्थ ख्रिस्तीच असावा असा हट्ट धरू नकोस. इथे मला तुला एक विचारायचंय: तुमच्या जगात जेरुसलेम कुठे आहे? बेथलेहेम आहे का? विश्वास तिथे कुठल्या किनाऱ्यावर आधी उतरला? नकाशावर मला ते सापडलं नाही, आणि यावर बरंच अवलंबून आहे, कारण जिथे पवित्र जागा तिथे मान कुणाचा हा वाद आलाच. बेथलेहेमच्या जन्ममंदिराच्या किल्ल्या कुणाकडे असाव्यात यावरून कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स यांच्यात जो तंटा वाढला, तो १८५३ मध्ये सुरू झालेल्या क्रिमियन युद्धाच्या कारणांपैकी एक होता. त्या युद्धात ख्रिस्ती रशियाच्या विरुद्ध ख्रिस्ती इंग्लंड आणि ख्रिस्ती फ्रान्स उभे राहिले. याउलट जेरुसलेमच्या पवित्र कबरेच्या चर्चमध्ये सहा ख्रिस्ती पंथ वाटणी करून उपासना करतात, आणि दाराची किल्ली शतकानुशतकं मुस्लिम घराण्यांकडे आहे. सहांपैकी कुणालाच दुसऱ्याच्या हातात किल्ली गेल्याचं दुःख नाही. तुमच्या सामुद्रधुनीवरचं दीपगृह किंवा जकातनाका कुणा बाहेरच्या, ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्याकडे सोपवता येईल का, याचा विचार कर.

दुसरी मोठी दुरुस्ती मतदानाची. तू लिहिलंयस की संघातले सगळे ठराव साध्या बहुमताने होतील. जकात, बंदरं, टपाल यांना चालेल. श्रद्धेच्या प्रश्नाला अजिबात चालणार नाही. तुझ्या यादीत चार कॅथलिक देश आहेत, दोन ऑर्थोडॉक्स, एक प्रोटेस्टंट. म्हणजे तो एक देश पहिल्या दिवसापासून हरलेला. तीस वर्षं युद्ध करून जर्मन मुलूख उजाड झाल्यावर १६४८ च्या वेस्टफेलियाच्या तहात हीच गोष्ट लिहावी लागली: पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत धर्माचा प्रश्न निघाला की कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वेगवेगळे बसतील, आणि दोन गटांत सामोपचाराने एकमत होईल तेव्हाच निर्णय होईल. डोकी मोजायची नाहीत. ते कलम तू उचल. आपल्या राज्यातलंही उदाहरण आहे. उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या १९७० मध्ये नागपूरला एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्याची बोलणी १९२९ पासून चालली होती. बालकाचा बाप्तिस्मा करायचा की समजत्या वयात विश्वास कबूल केल्यावर, हा त्यातला अवघड मुद्दा. त्यांनी दोन्ही पद्धती मान्य केल्या. चाळीस वर्षं बोलत राहण्याचा धीर त्या माणसांनी दाखवला, याचं मला फार कौतुक आहे.

‘ख्रिस्ती राष्ट्र’ कुणाला म्हणायचं, यावर तू मला सल्ला विचारलायस. राजा ख्रिस्ती हवा, की बहुसंख्य प्रजा, की घटनेत तसं लिहिलेलं हवं? माझं मत असं की सनदेतली बंधनं जो देश पाळील त्याला आत घ्यावं, धर्मसिद्धांताची परीक्षा घेऊ नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला तेव्हा ख्रिस्ताचं अनुयायित्व मनापासून पत्करलेल्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसांनाही त्यात जागा ठेवली. एका देशभक्त मराठी कवीला हे सुचलं, तर तुम्हाला सुचायला हरकत नाही. उंबरठ्यावरच्या देशांसाठी ‘स्नेही राष्ट्र’ असा दर्जा ठेव. मत नसेल, पण तंटा-निवारणाचा लाभ मिळेल.

आता बाहेरच्यांविषयी, आणि हे मी जड मनाने लिहितो. ‘ख्रिस्ती राष्ट्रांचा संघ’ हे नाव ऐकून तुमच्या जगातले इतर देश आधी दचकतील, आणि त्यांचं दचकणं रास्त असेल. बोहेमियाचा राजा जॉर्ज पोडेब्राड याने १४६०च्या दशकात ख्रिस्ती राजांच्या शांतता-संघाचा आराखडा मांडला. सभा, न्यायालय, खजिना, सगळं होतं त्यात, आणि सोबत तुर्कांविरुद्ध एकजुटीचा हेतूही होता. १८१५ मध्ये रशियाचा ऑर्थोडॉक्स झार, ऑस्ट्रियाचा कॅथलिक सम्राट आणि प्रशियाचा प्रोटेस्टंट राजा यांनी पवित्र मैत्रीसंघावर सह्या केल्या. बंधुभावाची भाषा फार सुंदर होती. १८२१ मध्ये ऑस्ट्रियाचं सैन्य नेपल्सच्या लोकांनी मागितलेली घटना मोडायला गेलं, आणि १८२३ मध्ये फ्रान्सचं सैन्य याच राजांच्या संमतीने स्पेनमध्ये घुसलं. ज्यांच्या नावाने संघ काढला त्या प्रजेलाच त्याचा धाक बसला.

आणि आपल्या वसईच्या किल्ल्यात तू कितीदा फिरला आहेस. तिथल्या पडक्या चर्चेसवर आपला जीव आहे. पण त्या पोर्तुगीज राजवटीत या पट्ट्यातली हिंदूंची देवळं पाडली गेली, हेही त्याच दगडांच्या इतिहासात आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्यांचा धर्म पाळायची मोकळीक लिहून दिली गेली. आपण आज इथे मराठीत प्रार्थना करतो, त्यात जिंकलेल्या परधर्मीयाने दिलेल्या त्या शब्दाचाही वाटा आहे. तुझ्या सनदेत असं कलम मला प्रस्तावनेच्या लगेच खाली हवं: सभासद देशात राहणाऱ्या प्रत्येक माणसाला आपला धर्म पाळता येईल, तो सोडून जाता येईल, आणि ज्या देशात हे मोडेल त्याचं मत थांबेल.

सामाईक सैन्य मला नकोच वाटतं. कोस्टा रिकाने १ डिसेंबर १९४८ ला सैन्य बरखास्त केलं. १९४९ च्या घटनेत कॅथलिक धर्म राज्याचा धर्म आहे आणि कायमस्वरूपी सैन्याला मनाईही आहे. १९५५ मध्ये निकाराग्वाकडून सशस्त्र टोळ्या घुसल्या, तेव्हा अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेचा आधार मिळाला आणि हल्ला परतवला गेला. सैन्याऐवजी तुझ्या सनदेत मदतीची हमी घाल: दुष्काळ, वादळ, साथ. आपण निसर्ग आणि तौक्ते दोन्ही वादळं पाहिली आहेत, अशा वेळी आधी कोण येतं हे माणसं विसरत नाहीत.

झेंडा, पदव्या, राष्ट्रगीत यांत वेळ घालवू नकोस, ती कामं मुलांना वाटून दे. एक गोष्ट मात्र घे. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथातल्या विल्यम पेनने १६९३ मध्ये युरोपच्या शांततेची योजना लिहिली, तीत सभागृह गोल असावं आणि त्याला अनेक दारं असावीत असं सुचवलं, म्हणजे आधी कोण शिरला आणि वर कोण बसला यावरून मानापमान होणार नाहीत. तुर्कांनाही सभेत जागा देणं योग्य होईल, असंही त्याने लिहिलं. तुमच्या राजधानीचं चित्र कुणी काढणार असेल तर त्याला गोल सभागृह काढायला सांग.

बाहेर पडण्याचं कलमही राहिलंय. सहा महिन्यांची पूर्वसूचना, चालू तंटा असेल तर तो मिटेपर्यंत थांबणं, आणि गेलेल्यावर कुणी चाल करून जायचं नाही, इतकं पुरे.

नवा मसुदा करशील तेव्हा पहिलं पान तंट्याचं असू दे आणि तो आधी त्या एकट्या प्रोटेस्टंट देशाच्या मुलाला वाचायला दे. त्याच्या हरकती समासात लिहून घे. मग रविवारी मिस्सेनंतर नकाशा घेऊन घरी ये, सामुद्रधुनीची हद्द आपण दोघं बसून आखू.

तुझा,
सर