आधी कीर्द, मग खतावणी

प्रिय,

"सर, मी या लाइनची नाहीच बहुतेक. ऑडिटमध्ये 38. परत तेच सगळं वाचायचा धीर नाही. सोडून नोकरी धरू का?" तुझा हा मेसेज सकाळी वाचला.

सीए फायनलच्या निकालाचा स्क्रीनशॉट तू आधीच पाठवला होतास. एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) 61, एएफएम (फायनान्शियल मॅनेजमेंट) 54, ऑडिट 38. बेरीज 153. ग्रुपला 150 लागतात, ते झाले. पेपरला किमान 40 लागतात, तिथे 2 कमी पडले. एफआरचं एक्झम्प्शन हातात आलं, म्हणजे पुढच्या वेळी तो पेपर द्यायला नको. आता मला सांग, तुझ्या मेसेजमध्ये 61 कुठे आहे? 54 कुठे आहे? फक्त नावे बाजू लिहिलीस, जमा बाजू कोरी ठेवलीस आणि फर्म बुडाली म्हणून जाहीर करून मोकळी झालीस. माझ्या ऑफिसात आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, केलेली मुलगी असा हिशेब लिहिते म्हटल्यावर दोष माझ्याकडे येतो. म्हणून हे पत्र.

धीर द्यायला घरचे आहेत, रूमवरच्या मैत्रिणी आहेत. मी वही घ्यायला सांगणार आहे.

रोज रात्री पंधरा मिनिटं लिहायचं. काय घडलं ते, तारीख टाकून. आधी कीर्द, मग खतावणी. कीर्दीत रोजच्या नोंदी तारखेने, खतावणीत त्याच नोंदी खात्यानुसार. इन्स्टंट एंट्री मारून थेट ताळेबंद काढायची सवय तुम्हा पोरांना सॉफ्टवेअरने लावली, पण स्वतःच्या बाबतीत ती चालत नाही. 'मी या लाइनची नाही' हे खातं झालं. त्यात पोस्ट केलेल्या नोंदी दाखव. कोणत्या तारखेच्या? कशाबद्दल?

'आज अभ्यास झाला नाही' ही नोंद नव्हे. 'दहाला एसए 700 (ऑडिट रिपोर्टचं स्टँडर्ड) उघडलं. अकराला घरून फोन, बाबांनी विचारलं पुढचा अटेम्प्ट कधी. त्यानंतर एकच पान पुन्हा पुन्हा वाचलं, काही शिरलं नाही' ही नोंद. दोन्ही वाचून बघ. पहिलीवरून तू स्वतःला नालायक ठरवशील. दुसरीवरून फार तर एवढं ठरेल की अभ्यासाच्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.

वही कागदाचीच हवी. फोनवर लिहिलेलं दुसऱ्या दिवशी लाज वाटली की पुसता येतं. कीर्दीत चूक झाली तर आडवी रेघ मारून शेजारी सही करतात, खालचं वाचता आलं पाहिजे. कंपन्यांनाही 1 एप्रिल 2023 पासून एडिट लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, ठेवणारंच सॉफ्टवेअर सक्तीचं झालं. तुला मी त्यापेक्षा जास्त सवलत देणार नाही.

मार्केट यार्डात आपल्या एका हळदीच्या अडत्याकडे जुने दिवाणजी होते. दुकान बंद करण्याआधी कीर्द लिहिल्याशिवाय उठायचे नाहीत. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत पाणी भरलं तेव्हाची त्यांची पानं मी पाहिली आहेत. दिवसामागून दिवस एकच ओळ: 'पाणी. व्यवहार निरंक.' रकमेचा रकाना मोकळा, पण तारीख एकही सुटलेली नाही. तुझेही असे दिवस येतील. त्या दिवशी निरंक लिही आणि पुढे कारण लिही. कोरं पान आणि निरंक यांत काय फरक असतो, ते ऑडिटरला सांगायला नको.

तुला हे माझं खूळ वाटणार. ठीक, आकड्यांच्या माणसांना पुरावा लागतो. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना लागोपाठ चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत त्रासदायक प्रसंगांबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं असं दोन्ही लिहिलं, त्यांना लिहून झाल्यावर लगेच जास्तच वाईट वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत आरोग्य केंद्रातल्या त्यांच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. पुढे पेनेबेकरने लिखाणातले शब्द तपासले. ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक 'कारण', 'लक्षात आलं' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना फायदा अधिक. नोंदीखाली स्पष्टीकरण लिही म्हणून मी डोकं खातो ते यासाठीच. 2011 मध्ये शिकागोच्या संशोधकांनी मुलांना परीक्षेच्या आधी 10 मिनिटं मनातली भीती लिहून काढायला लावली, आणि घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारले. नंतर असे पुष्कळ प्रयोग झाले, सगळे मिळून पाहिले तर परिणाम लहानच दिसतो. लिहून कोणी रँक काढत नाही. पण तुला 2 मार्क हवे आहेत, बाई.

मात्र रोज तेच रडगाणं लिहीत बसलीस तर एकच व्हाउचर, म्हणजे व्यवहाराचा एकच कागदी पुरावा, दहादा पोस्ट केल्यासारखं होईल. जे कळत नाही ते उचंत खात्याला टाक, कुठे जायचं ते ठरेपर्यंत रक्कम ठेवतात त्या खात्याला. 'बाबांचा राग का आला, माहीत नाही.' राहू दे तसंच. महिन्याने काढून बघ, बरीचशी रक्कम आपोआप आपल्या खात्याला गेलेली असते. आणि हे वेगळं सांगतो: झोप, जेवण सुटलं, जगणंच नको वाटायला लागलं, तर तो वहीचा विषय नाही. त्याच क्षणी मला फोन कर, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लाव. चोवीस तास चालतो.

लिहायचं कोणासाठी? एसए 230, ऑडिटच्या कागदपत्रांचं स्टँडर्ड, तू झोपेत म्हणून दाखवशील. या ऑडिटशी आधी काडीचा संबंध नसलेल्या, पण अनुभवी ऑडिटरला कळेल असं डॉक्युमेंटेशन हवं. त्याच्यासाठी लिही. तो तुझी कीव करत नाही आणि तुला शिव्याही घालत नाही, पुरावा मागतो. त्याच स्टँडर्डमध्ये पुढे आहे की नुसतं तोंडी स्पष्टीकरण पुरेसा आधार ठरत नाही. रात्री दोन वाजता तुझं डोकं तुला जे सांगतं, ते सगळं तोंडी असतं.

ऑफिसात तुम्ही माझ्यामागे काय बोलता ते मला ऐकू येतं. सरांनी मुंबई सोडली नसती तर आज कुठे असते! मलाही अधूनमधून वाटतं. तसं वाटलं की मी त्या वर्षीची वही काढतो. त्यात लिहिलंय: 'गोदामात न जाता स्टॉक शीटवर टिक मारायला सांगितलं. मारली नाही. कारण माल पाहिलेला नाही.' पुढची काही पानं तशीच आहेत, मग राजीनामा. हे लिहून ठेवलं नसतं तर इतक्या वर्षांत चारचौघांचं ऐकून मीच म्हणालो असतो की झेपलं नाही म्हणून पळून आलो. मी पळालो नाही. बरोबर होतो. हे तुला सांगायची गरज नव्हती, पण राहवलं नाही.

वडील अंथरुणाला होते त्या काळातलं मात्र काहीच लिहिलेलं नाही. वाटलं, हे कशाला लिहायचं. धाकटा भाऊ म्हणतो, तू घरी नसायचास. मी म्हणतो, असायचो. दोघांकडेही व्हाउचर नाही.

असो. नोकरी धरायची की नाही, ते मी सांगणार नाही, आणि आज तूही ठरवू नकोस. आमच्या वेळी मे आणि नोव्हेंबर, दोनच अटेम्प्ट असायचे. तेव्हाही एक महिना थांबल्याने आभाळ कोसळत नव्हतं. महिनाभर नुसती कीर्द. मग एका रविवारी शांतपणे बस आणि खतावणी कर. कुठे किती तास गेले, कोणत्या विषयाला हात थरथरले, कोणत्या दिवशी काम आपसूक झालं आणि का. त्यातून सोडायचं निघालं तर सोड. मी स्वतः शिफारसपत्र देईन, तोंड वाकडं न करता. पण आकडे आधी येऊ देत, पोरी. आधी कीर्द.

ऑडिटच्या उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मागवलीस का? मुदत संपायच्या आत अर्ज कर, आजच. तू म्हणाली होतीस की एथिक्सचं उत्तर चांगलं गेलं होतं. चांगलं गेलं की चांगलं गेल्यासारखं वाटलं, ते शेजारी बसून पाहू. गावी येशील तेव्हा शनिवारी ऑफिसात ये. दुपारनंतर हळदीच्या गोदामात स्टॉक मोजायला जायचं आहे, माणूस कमी आहे. जुने कपडे घालून ये.

तुझा,
सर