दिबांगला जा, पण एफडी मोडून नको

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत मी, पत्नी आणि बारा वर्षांची मुलगी अरुणाचलच्या दिबांग खोऱ्यात, अनिनीपर्यंत जायचं म्हणतोय. मुलगी दोन वर्षं पक्ष्यांच्या नोंदी ठेवतेय, तिला मायोदियाच्या जंगलातला मिश्मी रेन-बॅब्लर बघायचाय. खर्च १ लाख ८० हजार, हाताशी ७० हजार. एसआयपी भरून महिन्याला १२ हजार उरतात. बाकीच्या रकमेसाठी १४ टक्क्यांचं पर्सनल लोन घेऊ, की अडीअडचणीसाठी ठेवलेली ३ लाखांची एफडी मोडू?

उत्तर: दोन्ही नको. जाच, पण पुढच्या दिवाळीत.

कर्जाचं गणित सोपं आहे. १ लाख १० हजारांवर दोन वर्षांचा हप्ता साधारण ५,२८० रुपये बसेल, व्याज पावणेसतरा हजारांच्या आसपास, प्रोसेसिंग फी वेगळी. तुम्हाला ते झेपेलही. माझी खरी हरकत एफडी मोडायला आहे. मुदतीआधी मोडल्यावर व्याज कमी मिळतं, ते एक वेळ सोसू. पण ज्या प्रवासात त्या पैशांची गरज पडण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याच प्रवासासाठी तुम्ही ते मोडताय.

प्रश्नासोबत पाठवलेला तुमचा प्रवासाचा तक्ता मी दोनदा वाचला. त्यात गाडीचे मोजून सहाच दिवस आहेत, आणि खोऱ्यातून उतरल्याच्या दुसऱ्याच सकाळी आसाममधल्या दिब्रूगडहून विमान. रोइंगहून अनिनीला जाणारा रस्ता मायोदियाच्या साधारण २,६५५ मीटर उंचीच्या खिंडीतून जातो. पावसात तिथे दरड कोसळते, थंडीत बर्फ पडतो. रस्ता बंद झाला की गाडीचं भाडं, ड्रायव्हरचा मुक्काम, तुमची खोली हे सगळं चालूच राहतं आणि विमानाचं तिकीट बुडतं. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारं एक कुटुंब ईशान्येतच असं दोन दिवस अडकलं होतं. परतीची तिकिटं त्यांनी क्रेडिट कार्डावर काढली आणि ती रक्कम फेडायला पुढे चार महिने लागले. म्हणून दोन दिवस जादा धरा. तुमच्याच दरांनी त्याचे २५ हजार होतात, म्हणजे खरा खर्च २ लाख ५ हजार.

आरोग्य विम्याचंही नीट बघा. विमा कंपनीच्या यादीबाहेरच्या रुग्णालयात कॅशलेस सोय मिळेलच असं नाही. खोऱ्यात काही झालं तर आधी खिशातून भरून मग क्लेम करावा लागू शकतो. मोठ्या उपचारांसाठी दिब्रूगडच्या आसाम मेडिकल कॉलेजपर्यंत यावं लागू शकतं, आणि अनिनीहून ते अंतर काही तासांत उरकणारं नाही. मुलगी बरोबर असताना बँकेत ते ३ लाख शाबूत असलेच पाहिजेत. तशी वेळ आलीच तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती न मोडता तिच्या तारणावर उचल, मिळतो, तो पर्सनल लोनपेक्षा बराच स्वस्त पडतो. ती सोय बँकेत आत्ताच करून ठेवा.

कमी पडतात १ लाख ३५ हजार. ११,२५० रुपयांची बारा महिन्यांची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, उघडा, बरोबर तेवढेच जमतील. मार्चमध्ये जायचा मोह होईल, पण तेव्हा परीक्षा, आणि एप्रिलपासून तिकडे पाऊस वाढत जातो. दिवाळीचाच मुहूर्त बरा. वर्ष वाया गेलं असं मुलीला वाटू देऊ नका. ज्या दिवशी आरडी उघडाल, त्या दिवशी तिला बँकेत घेऊन जा आणि पासबुक तिच्या वहीतच ठेवू द्या.

इनर लाइन परमिट, म्हणजे अरुणाचलमध्ये जाण्याचा सरकारी परवाना, ऑनलाइन मिळतं, ते निघण्याआधी काढा. रोख पैसे मात्र आसाममधल्या तिनसुकियालाच काढून घ्या, वर एटीएमच्या भरवशावर राहू नका. आणि परतीचं तिकीट काढताना तारीख बदलण्याची सोय असलेलंच घ्या, थोडं महाग पडलं तरी.