सॉफ्टवेअर इथे शिकाल, हात तिथूनच आणा

तुमचा प्रश्न असा: नागपुरात प्रोस्थोमध्ये (कृत्रिम दात-अवयव बसवण्याच्या शाखेत) एमडीएस केलंत, २०२१ च्या म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) लाटेत वरचा जबडा काढलेल्या रुग्णांना ऑब्च्युरेटर (टाळूचं भोक बंद करणारं कृत्रिम झाकण) आणि कृत्रिम डोळे करून दिलेत, आणि आता ब्रिटनला येऊन चेहऱ्याचं काम डिजिटल पद्धतीने करायचंय, तर कोणतं सॉफ्टवेअर शिकून यावं? मी वेल्समध्ये याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सॉफ्टवेअरच्या आधी नोंदणीचं बघा. इथे चेहऱ्याचे प्रोस्थेसिस, म्हणजे कृत्रिम अवयव, करणारी व्यक्ती सहसा डेंटिस्ट नसते. रुग्णालयातल्या मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या) विभागाची स्वतःची लॅब असते आणि तिथल्या माणसांना आता रिकन्स्ट्रक्टिव्ह सायंटिस्ट म्हणतात. त्यासाठी एनएचएसचा (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्रॅम आहे: तीन वर्षं, पगारी, सोबत एमएससी, आणि मग एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदणी संस्थेकडे क्लिनिकल सायंटिस्ट म्हणून नोंदणी. या विषयाच्या जागा मात्र फार थोड्या निघतात. डेंटिस्ट म्हणूनच राहायचं तर जीडीसीची (इथल्या दंत परिषदेची) ओआरई ही परदेशी डेंटिस्टांसाठीची परीक्षा. पूर्वी आपल्याकडचे बीडीएस झालेले लोक आधी डेंटल थेरपिस्ट किंवा हायजिनिस्ट (डेंटिस्टच्या खालची पदं) म्हणून नोंदणी करून घेत. मार्च २०२३ पासून ती वाट बंद झाली. कुणी एजंट अजूनही ती दाखवत असेल तर एक रुपया देऊ नका. आणि लॅबची बाजू निवडली तर दातांची प्रॅक्टिस सुटेल, हे घरच्यांशी आत्ताच बोलून घ्या.

आता कामाचं. हाडाच्या इम्प्लांटची सुरुवात सीटी स्कॅनपासून होते, आणि काप एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ नसतील तर डोळ्याच्या खोबणीचा तळ पडद्यावर भोकं पडल्यासारखा दिसतो. मिमिक्स या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅनमधून हाड वेगळं काढायचं, शाबूत बाजूची आरशातली प्रतिमा मोडलेल्या बाजूवर बसवायची, मग फ्रीफॉर्म या शिल्पकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्प्लांटला आकार द्यायचा. फ्रीफॉर्मच्या यांत्रिक हातातून पृष्ठभागाचा दाब बोटांना जाणवतो. मेण कोरलेल्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटेल. शेवटी टायटॅनियमची भुकटी लेझरने थरावर थर वितळवून छपाई. पण बहुतेक वेळ जातो तो सर्जनशेजारी बसण्यात. छेद कुठून घेणार, त्यातून प्लेट आत जाईल का, नस कुठून जाते, स्क्रूला पुरेसं जाड हाड कुठे मिळेल. स्वॉन्सीच्या मॉरिस्टन रुग्णालयाने आणि कार्डिफ मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या पीडीआर या संस्थेने मिळून हे काम वर्षानुवर्षं केलंय. मोटारसायकल अपघातात चेहरा मोडलेल्या एका तरुणावरची त्यांची शस्त्रक्रिया २०१४ मध्ये जगभर गाजली. गालाची हाडं चुकीच्या जागी जुळली होती. ती छापील गाइड (कुठे कापायचं ते दाखवणारा साचा) लावून पुन्हा कापली आणि बेल्जियममध्ये छापलेल्या टायटॅनियमच्या भागांनी नव्या जागी धरली. ती सगळी आखणी वाचा, तुमच्या मुलाखतीला उपयोगी पडेल.

सिलिकॉनचं काम तुमच्या जास्त जवळचं आहे. शाबूत कान स्कॅन करून दुसऱ्या बाजूसाठी उलटवणं आता सोपं झालंय. पण तोंड उघडल्यावर कानापुढची त्वचा सरकते आणि कड उचलली जाते, ते स्थिर स्कॅनमध्ये दिसत नाही. म्हणून कानाचा कच्चा नमुना रुग्णाला लावून, त्याला बोलायला, हसायला लावून कड जुळवावीच लागते. मगच साचा छापायचा आणि सिलिकॉन भरायचं. नाकाला तर दुसरी बाजूच नसते. जुने फोटो, कधी सख्ख्या भावाबहिणीच्या नाकाचं स्कॅन, आणि बाकी तुमची नजर. रंगासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर (त्वचेचा रंग मोजणारं यंत्र) रंगद्रव्यांचं प्रमाण काढून देतो, पण शेवटचे दोन-तीन थर खिडकीच्या उजेडातच ठरतात. सावळ्या, गव्हाळ त्वचेचे रंग जमवायची तुमच्या डोळ्यांना सवय आहे. इथेही आपल्या उपखंडातले रुग्ण आहेत, त्यामुळे हे कौशल्य मुलाखतीत ठासून सांगा.

डिजिटलचा खरा फायदा मला जुना कृत्रिम कान बदलून नवा करताना दिसतो. सिलिकॉन वर्ष-दोन वर्षांत विटतं, कडा फाटतात. फाइल जपलेली असली की रुग्णाला पुन्हा माप द्यायला बसावं लागत नाही. किरणोपचारानंतर त्वचा नाजूक झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर माप घेण्याचं द्रव्य ओतावं लागत नाही, यासाठीच मला हे तंत्र मोलाचं वाटतं. डोळ्यांचं म्हणाल तर लंडनच्या मूरफील्ड्समध्ये नोव्हेंबर २०२१ मध्ये पूर्णपणे छापील कृत्रिम डोळा रुग्णाला बसवला. सहा आठवड्यांचं काम दोन-तीन आठवड्यांवर येईल, असं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं.

एक गोष्ट आपल्याकडे अंगवळणी पडलेली नसते, ती म्हणजे कागदपत्रं. इथे प्रत्येक कृत्रिम कान हे एका रुग्णासाठी बनवलेलं वैद्यकीय उपकरण असतं. कुणी लिहून दिलं, सिलिकॉनचा बॅच नंबर काय, डिझाइन कुणी तपासलं, सगळं नोंदवायचं. त्याचा कंटाळा करू नका.

तेव्हा आत्ता महागडा सॉफ्टवेअर कोर्स लावू नका. थ्रीडी स्लायसर हे स्कॅन बघायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. स्कॅनमधून हाड वेगळं काढायचा सराव त्यावर करा. रोज थोडं मेण कोरा. आणि कॉलेज सोडण्याआधी तुमच्या म्युकरच्या रुग्णांपैकी जे तयार असतील त्यांचे आधीचे-नंतरचे फोटो लेखी संमतीसह गोळा करा. संमतीपत्र मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा, आणि फोटो अर्जासाठी परदेशात दाखवले जातील हे त्यात स्पष्ट लिहा. संमतीशिवायचा फोटो इथे कुणी बघणारही नाही.