पोरगी काचेवर पीएचडी करते म्हणजे काय करते?

प्रश्न: नमस्कार सर, माही पोरगी वर्धेहून एमएस्सी झाली, आता बाहेर एका युनिव्हर्सिटीत पीएचडीले लागली. तिचा ग्रुप म्हणे काच अन् मऊ पदार्थाच्या फिजिक्सवर काम करते. पारावर लोकं इचारतेत, पोट्टी काचेचा कारखाना टाकते का? मले काही सांगता येत नाही. दुसरं म्हणजे, आमच्या गावच्या मालगुजाराच्या वाड्यातल्या जुन्या काचा खालून जाड हायेत, गुरुजी म्हणत काच हळूहळू वाहते. खरं का हे?
– एक वाचक, समुद्रपूर तालुका

उत्तर: भाऊ, पहिले पोरीला अभिनंदन सांगा. वाड्याचं लवकर निपटवतो, काच वाहते हे मलाही शाळेत शिकवलं होतं अन् ते साफ चूक आहे. जुन्या पद्धतीनं काच करताना ती सगळीकडे सारखी जाड निघतच नसे, बसवणाऱ्यानं जड बाजू खाली ठेवली एवढंच. 1998 मध्ये ब्राझीलचे काचेचे शास्त्रज्ञ एडगर झानोट्टो यांनी हिशोब मांडला, घरातल्या तापमानाला खिडकीची काच डोळ्याला दिसेल इतकी वाहायला विश्वाच्या वयापेक्षाही जास्त काळ लागेल.

आता पोरीचं काम. खडीसाखर अन् लिमलेटची गोळी, दोन्ही साखरच ना? पण खडीसाखरेत कण चौफुली लावलेल्या पऱ्हाटीसारखे ओळीत असतात, अन् गोळीत गरम पाक पटकन थंड झाल्यामुळे त्यांना ओळ धरायला वेळच मिळत नाही, भरलेल्या एसटीत माणूस जिथं घुसला तिथंच अडकतो तसं होतं. म्हणजे गोळी ही साखरेची काच! गंमत अशी की पाण्याचा बर्फ होताना आतली मांडणी बदललेली दिसते, काचेत मात्र मांडणी जवळपास पातळ पदार्थासारखीच राहते तरी थोडंसं तापमान उतरलं की हालचाल करोडो पटीनं मंदावते, हे नेमकं काहून होतं यावर अजून सगळ्यांचं एकमत नाही. नोबेलवाले फिलिप अँडरसन 1995 मध्ये लिहून गेले की घन पदार्थांच्या थिअरीतला सगळ्यात खोल न सुटलेला प्रश्न बहुतेक हाच. पावसाळ्यात गोळी चिकट होते ना, तेही हेच, हवेतलं पाणी आत शिरलं की अडकलेल्या कणांना हलायला जागा मिळते.

मऊ पदार्थ म्हणजे दही, टूथपेस्ट, डिंक अन् आपला काळ्या मातीचा चिखलही. त्या मातीत पत्र्यासारखे अगदी बारीक कण असतात, ते एकमेकांत अडकून बसतात, म्हणून असा चिखल हलवत राहिलं तर सैल पडतो अन् तसाच सोडला की घट्ट होतो, बंडी रातभर फसून राहिली तर सकाळी बैलांचा काय हाल होतो ते मी तुम्हाला काय सांगू. बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये चिकणमातीच्या अशा वागण्यावर काम चालतं. हॉपरच्या, म्हणजे धान्य ओतायच्या नरसाळ्याच्या, तोंडाशी सोयाबीन अडतं, दाणे कमान धरतात अन् बाहेरून एक थाप मारली की भडाभडा सुटतात, तेही ह्याच खानदानातलं.

पुढच्या वेळी पारावर जाताना खिशात खडीसाखरेचा एक खडा अन् एक लिमलेटची गोळी ठेवा, अन् इचारणाऱ्यालेच इचारा, सांग बावा दोघीत फरक काय.