साखर नॉर्मल असतानाच

तुझं पत्र वाचलं. उपाशीपोटी साखर 92 आली, काळजीचं कारण नाही असं सांगून तुला घरी पाठवलं. वजन मात्र वाढतंच आहे आणि मानेवर काळपट, मखमली पट्टा आलाय, तो घासून जात नाही. एक म्हणतो जाड माणूसही निरोगी असतो, दुसरा रोज नवं डाएट सांगतो. कुणाचं ऐकू, हा तुझा प्रश्न.

आधी तो पट्टा घासणं बंद कर. तो मळ नाही. रक्तात इन्सुलिन, म्हणजे साखर ताब्यात ठेवणारं संप्रेरक, सतत जास्त राहिलं की बहुतेक वेळा मानेची, काखेची त्वचा अशी होते. आणि ते जास्त का राहतंय, हे तुझ्या 92 मध्ये दिसत नाही. यकृत, स्नायू आणि चरबी इन्सुलिनला दाद देईनाशी झाली की स्वादुपिंड, म्हणजे इन्सुलिन बनवणारी पोटातली ग्रंथी, जास्त इन्सुलिन सोडून साखर ताब्यात ठेवतं. वर्षानुवर्षं ठेवतं. रिपोर्ट बिघडतो तो स्वादुपिंड थकल्यावर. तोवर ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेले असतात, एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, घसरलेलं असतं, रक्तदाब चढलेला असतो. या सगळ्याचं मूळ एकच, इन्सुलिनला दाद न मिळणं, असावं, हे अमेरिकन डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी 1988 मध्येच मांडलं होतं. मधुमेहाचं निदान व्हायची वाट हृदयविकार बघत बसत नाही.

म्हणून सांगते, जे करायचं ते साखर नॉर्मल असतानाच.

नॉर्मल रिपोर्ट घेऊन येणाऱ्यांची कंबर मी टेप लावून मोजते, म्हणून लोक चिडतात. धडधाकट माणसांना आजारी ठरवता, असं माझ्याच पेशातले डॉक्टर ऐकवतात. ऐकवू देत. पंचेचाळिशीतला माणूस मधुमेहाने पाय बधिर होऊन चटका बसलेला कळला नाही म्हणून येतो, आणि जाड फायलीतून जुना ‘नॉर्मल’ लिहिलेला कागद काढून दाखवतो. मधल्या वर्षांत त्याच्या कंबरेला कुणी टेप लावली नव्हती. याची खंत माझ्या मनातून जात नाही, आणि म्हणूनच मी हट्ट सोडणार नाही.

जाड असूनही निरोगी, हे अर्धंच खरं. मांड्यांवरची, त्वचेखालची चरबी तुलनेने कमी त्रासाची. पोटातल्या अवयवांभोवती आणि यकृतात साठते ती नडते. पण आज जाड आणि निरोगी असलेले बरेच जण पुढे तसे राहत नाहीत. बरगडीची खालची कड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लाव, श्वास सहज सोड, पोट आत ओढू नकोस. आकडा उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. जास्त असेल तर वाद नको, कामाला लाग.

काम अवाढव्य नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. 7 टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम, एवढं उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध दिलेल्या गटात 31 टक्क्यांनी. 90 किलोच्या माणसाचे 7 टक्के म्हणजे सव्वासहा किलोच्या आसपास. चीनमधल्या दाचिंग शहरात 1986 मध्ये सुरू झालेल्या अशाच प्रयोगाचा फायदा तीस वर्षांनंतरही दिसला: हृदयविकार कमी, मृत्यू कमी.

आणि वजनाचा काटा हलला नाही म्हणून चालणं सोडू नकोस, हे मी किती जणांना किती वेळा सांगू! काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो, आणि त्यानंतरही एक-दोन दिवस इन्सुलिनला चांगली दाद देतो. मग परिणाम ओसरतो. म्हणून सलग दोन दिवस बसून काढायचे नाहीत. जेवणानंतर थोडं चाल, आठवड्यातून दोनदा वजनं उचल. डाएटचं म्हणशील तर पुढच्या वर्षीही जमेल तेच धर. झोप कमी पडली तरी इन्सुलिनची दाद घटते, रात्रीची जागरणं आवर.

एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी) आणि रक्तदाब तपासून घे. एचबीए1सी 5.7 ते 6.4 टक्के आलं तर तो मधुमेहाआधीचा टप्पा. तसं आलं तरी घाबरू नकोस, 5.7 च्या खाली आलं तरी स्वस्थ बसू नकोस. पुढच्या पत्रात वजन नको, आधी कंबर आणि उंची लिही. औषध लागेल का, ते त्यानंतर बोलू.